पीएस थ्रीचं वायफाय-ब्लूटूथ गेलंय? हीट गन मारायच्या आधी हे वाचा

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरुळ, आपल्या या पट्ट्यात अजून पुष्कळ घरांत पीएस थ्री, म्हणजे गेम खेळायचा प्लेस्टेशन थ्री, आहे. कुणाच्या टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, कुणाच्या माळ्यावर खोक्यासकट, आणि कुणाकडे अजून रोज संध्याकाळी चालू होतो. हा कन्सोल जपानमध्ये नोव्हेंबर २००६ मध्ये आला, म्हणजे यातली जुनी मशीनं आता वीस वर्षांच्या घरात आलीत, आणि या वयात त्यांची एक तक्रार सारखी कानावर येते. मशीन चालू होतं, मेनू येतो, पण कंट्रोलर वायरशिवाय जोडत नाही, वायफाय सापडत नाही, आणि कधीकधी काहीही न करता मधेच हँग होतं. दुकानात नेलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं, "मदरबोर्ड गेलाय, आता काय ठेवता" किंवा "हीट मारून देतो, चालेल". दोन्ही उत्तरं मशीन न तपासता दिलेली असतात आणि त्यात चांगली मशीनं भंगारात जातात, ज्याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे सगळं सोपं करून लिहितोय. हीट मारणं, म्हणजे हीट गनच्या गरम हवेने बोर्ड तापवणं, हा शेवटचा उपाय आहे, त्याच्या आधी तपासायच्या बऱ्याच गोष्टी आहेत आणि त्यातल्या अर्ध्या तर कन्सोल न उघडता होतात.

या सगळ्या तक्रारींत संशय ज्याच्यावर जातो तो वायरलेस मॉड्यूल म्हणजे काय ते आधी बघू. कन्सोलच्या आत एक छोटं सर्किट असतं, त्यावर रेडिओची चिप, तिच्यासाठी एक क्वार्ट्झ क्रिस्टल, थोडे कपॅसिटर आणि वर पत्र्याचं झाकण, ज्याला शिल्ड म्हणतात. पीएस थ्रीत वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही याच एका मॉड्यूलवर आहेत. वायफाय म्हणजे राउटरशी बोलणं, ब्लूटूथ म्हणजे कंट्रोलरशी बोलणं. सुरुवातीच्या जाड मॉडेलमध्ये हे वेगळं छोटं बोर्ड आहे जे चपट्या रिबन केबलने मेन बोर्डला जोडलेलं असतं, नंतरच्या काही मॉडेलमध्ये ते थेट मेन बोर्डवरच बसवलंय. हा फरक लक्षात ठेवा, कारण दुरुस्ती सोपी की अवघड हे बरंचसं यावरच ठरतं. आणि हो, अगदी सुरुवातीच्या २० जीबीवाल्या स्वस्त मॉडेलमध्ये वायफाय नव्हतंच, फक्त ब्लूटूथ होतं, त्यामुळे कुणा नातेवाइकाने परदेशातून आणलेला जुना कन्सोल असेल तर नसलेलं वायफाय शोधत बसू नका.

आता तपासणी. पहिला प्रश्न स्वतःला हा विचारायचा की फक्त वायफाय गेलंय, फक्त कंट्रोलर जोडत नाहीये, की दोन्ही एकदम गेलंय? या एका प्रश्नात अर्धं निदान होतं. दोन्ही सेवा एकाच मॉड्यूलवर आहेत ना, मग मॉड्यूलला वीज मिळत नसेल किंवा रिबन सुटली असेल तर बहुतेक वेळा दोन्ही एकत्रच जातात. एकच गेलं असेल तर आधी कन्सोलच्या बाहेर शोधायचं.

फक्त वायफाय गेलंय असं समजू. पीएस थ्रीचं वायफाय ८०२.११ बी आणि जी या जुन्या पद्धतीचं आहे, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसतच नाही. वायफायच्या पासवर्डच्या सुरक्षेत तो डब्ल्यूपीए टू या जुन्या पद्धतीपर्यंतच जातो. आता गेल्या काही वर्षांत सगळ्यांच्या घरी फायबर आलं, त्यासोबत नवीन राउटर आले, आणि त्यातल्या काहींत फक्त डब्ल्यूपीए थ्री चालू असतं, काहींत जुन्या बी-जी पद्धती बंद ठेवलेल्या असतात, काहींत २.४ आणि ५ या दोन्ही बँडना एकच नाव देऊन राउटर स्वतः ठरवतो कुणाला कुठे पाठवायचं, आणि जुन्या कन्सोलची तिथे पंचाईत होते. मग घरातले म्हणतात "काल नवीन राउटर बसवला आणि आज प्लेस्टेशन खराब झाला". खराब काहीच झालेलं नसतं. याची सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, त्याच्या सेटिंगमध्ये बँड २.४ आणि सुरक्षा डब्ल्यूपीए टू करा, मोबाइल कन्सोलच्या शेजारी ठेवा आणि कन्सोलमध्ये नेटवर्क शोधा. सापडलं आणि जोडलं तर मॉड्यूल जिवंत आहे, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ साठी वेगळं नाव करा आणि विषय संपला.

आपल्याकडे गर्दीचाही प्रश्न आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये मोबाइलवर वायफायची यादी उघडली तर वर-खाली-शेजारच्या फ्लॅटची नावं संपत नाहीत. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल आपण तीनच मानतो, १, ६ आणि ११, आणि सगळी बिल्डिंग त्यातच कोंबलेली असते, वर मायक्रोवेव्हही साधारण याच पट्ट्यात काम करतो. ब्लूटूथ त्यातल्या त्यात हुशार आहे, ते ७९ छोट्या चॅनेलवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं, म्हणून गर्दीतही कंट्रोलर निभावून नेतो. पण कन्सोल लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटवून ठेवला असेल तर दोघांचंही कठीण होतं. धातूतून हे सिग्नल जात नाहीत. मशीन बाहेर मोकळ्या जागेवर काढून एकदा बघा, फुकटात होणारी तपासणी आहे.

फक्त कंट्रोलर जोडत नसेल तर पहिला संशय केबलवर घ्या, अगदी मनापासून सांगतो. पीएस थ्रीचा कंट्रोलर ब्लूटूथने काम करत असला तरी त्याची ओळख यूएसबी केबलने होते. केबल लावून मधलं पीएस बटण दाबलं की कन्सोल स्वतःचा ब्लूटूथ पत्ता कंट्रोलरमध्ये लिहितो आणि पुढच्या वेळी कंट्रोलर त्याच पत्त्याला हाक मारतो. आता यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त मिनी यूएसबी केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, फक्त चार्जिंग होतं. मग कंट्रोलरचे चारही लाल दिवे लुकलुकतायत, पण नंबरचा एक दिवा स्थिर होत नाही, आणि माणूस समजतो ब्लूटूथ गेलं. तीच केबल लॅपटॉपला लावून बघा, लॅपटॉपने कंट्रोलर ओळखला तर केबल ठीक. कंट्रोलरच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्यात पिन घालून आतलं रिसेट बटण काही सेकंद दाबायचं आणि परत केबलने जोडायचं, हेही करून घ्या. आणि शक्य असेल तर मित्राचा चालू असलेला ओरिजिनल कंट्रोलर आणून बघा, कारण बाजारात डुप्लिकेट कंट्रोलर इतके आहेत की त्यांच्यावरून कन्सोलबद्दल काहीही ठरवता येत नाही.

दोन्ही एकदम गेलं असेल तेव्हा मात्र आत काहीतरी झालंय. अजून एक खूण बघा, सेटिंगमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की मॅक ऍड्रेस दिसतो, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा कायमचा पत्ता. वायरलेसचा पत्ता तिथे दिसतच नसेल किंवा सगळे शून्य असतील तर मेन बोर्डला मॉड्यूल सापडतच नाहीये. पत्ता दिसतोय पण एकही नेटवर्क मिळत नाही, तर मॉड्यूल जागा आहे पण त्याचा रेडिओ किंवा अँटेना गंडलीय.

आणि मशीन हँग का होतं? लोकांना हेच कळत नाही, वायफायचा आणि मेनू गोठण्याचा काय संबंध. वर्गात बाई हजेरी घेतायत आणि एक मुलगा हजर म्हणतच नाही, बाई नाव घेऊन त्याच्याकडे बघत थांबल्यात आणि पुढचा सगळा वर्ग खोळंबलाय, तसंच होतं. कन्सोलचं सॉफ्टवेअर मॉड्यूलला विचारतं, उत्तराची वाट बघतं, उत्तर अर्धवट येतं किंवा येतच नाही, आणि तिथेच सगळं अडकतं. म्हणून अर्धमेला मॉड्यूल पूर्ण मेलेल्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकतो.

याच कारणाने एक गोष्ट अजिबात करू नका, मॉड्यूलवर संशय असताना सिस्टिम अपडेट मारू नका. पीएस थ्रीच्या अपडेटच्या फाइलमध्ये नुसता मेनू नसतो, ब्लूटूथचं आणि ब्लू-रे ड्राइव्हचंही आतलं सॉफ्टवेअर असतं. अपडेट चालू असताना मॉड्यूलने उत्तर दिलं नाही तर अपडेट तिथेच फसतो आणि मशीन परत परत अपडेटच मागत बसतं. ८००२एफ१एफ९ हा एरर बघितलेल्या लोकांना ही अवस्था माहीत असेल. निदान चालू मेनूपर्यंत जाणारं मशीन तरी हातात राहू द्या.

उघडायच्या आधी सेव्ह डेटा काढून घ्या. पीएस थ्रीची हार्ड डिस्क साधी अडीच इंची साटा असली तरी त्यावरचा डेटा त्या एका कन्सोलसाठीच एन्क्रिप्ट केलेला असतो, दुसऱ्या पीएस थ्रीत ती डिस्क घातली तर फॉरमॅट मागणार. म्हणून मशीन चालतंय तोवर एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर सेव्ह कॉपी करा, किंवा सेटिंगमधल्या बॅकअप युटिलिटीने पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. काही गेमचे सेव्ह कॉपी होत नाहीत, ते बॅकअपमध्येच जातात. कंट्रोलर वायरलेस चालत नसला तरी डेटावाल्या केबलने चालतो, हे काम केबल लावून करायचं. वर्षानुवर्षं खेळून जमवलेला खेळ गेला तर तो कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आता आत जाऊ. जाड मॉडेलला बाजूच्या स्टिकरखाली एक सिक्युरिटी टॉर्क्स स्क्रू असतो, टी १० मापाचा, ज्याच्या मधोमध खुंटी असते, त्याला साधा टॉर्क्स चालत नाही, भोकवाला बिट लागतो. बाकीचे फिलिप्स. स्क्रूंची लांबी वेगवेगळी आहे, म्हणून कागदावर कन्सोलचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागेवर टेपने चिकटवत जा. प्लग काढून ठेवा आणि आतल्या पॉवर सप्लायचं झाकण उघडू नका, त्यातले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले असू शकतात, आपल्या कामाचं तिथे काहीच नाही.

एक मशीन जवळून दाखवतो. ऐरोलीच्या एका मित्राचं, खाडीकडच्या खिडकीशेजारी बरीच वर्षं ठेवलेलं. लक्षणं अगदी पुस्तकातली, कंट्रोलरचे चारही दिवे लुकलुकत राहणार, वायफायचा पत्ता गायब, आणि मेनूत कधीही गोठणार. दुकानदाराने त्याला मदरबोर्ड सांगितला होता. वरचं कव्हर काढून रिबन जिथे बोर्डात शिरते तिथे भिंगातून बघितलं तर कनेक्टरची ती बारीकशी झडप एका कोपऱ्यात नीट बसलेलीच नव्हती, केसाएवढी वर, आणि रिबनच्या टोकावर ज्या चकचकीत पट्ट्या असतात त्यातल्या कडेच्या दोन काळपट पडलेल्या, एकीला हिरवी झाक. नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. झडप नखाने हलकेच उचलली, रिबन सरळ ओढून काढली, पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, कनेक्टरच्या आत अल्कोहोल लावून मऊ ब्रशने साफ केलं, पूर्ण सुकू दिलं, रिबन परत सरळ बसवून झडप दोन्ही कोपऱ्यांत दाबली. चालू केल्यावर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये वायरलेसचा पत्ता दिसला. तो बघून मित्र म्हणाला, "अरे, एवढंच होतं?" हो, एवढंच होतं, आणि या एवढ्यासाठी मशीन भंगारात चाललं होतं.

आपल्याकडे हे जास्त होणारच. पावसाळ्यात इथली हवा किती दमट असते ते तुम्हाला सांगायला नको, त्यात खाडीजवळ हवेत क्षार, आणि जुन्या कन्सोलचा पंखा हीच हवा धुळीसकट तासन्‌तास आत ओढतो. धूळ ओलावा धरून ठेवते, कनेक्टरच्या पट्ट्या काळ्या पडतात, आणि तक्रार नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होते. म्हणून मी म्हणतो आधी रिबन. अल्कोहोल मात्र चांगलं घ्या, ९९ टक्क्यांचं, मेडिकलमधल्या पातळ स्पिरिटमध्ये पाणी असतं. आणि झडप कुठल्या बाजूने उघडते ते बघूनच हात लावा, काही उभ्या उघडतात, काही बाहेर सरकतात, जबरदस्ती केली की तुटतात आणि मग खरंच काम वाढतं.

इतर काही कन्सोलमध्ये अँटेनाची बारीक काळी किंवा पांढरी वायर टिचकीच्या बटणासारख्या गोल कनेक्टरने मॉड्यूलवर बसलेली असते, तिथेही हाच संशय घ्यायचा. हा कनेक्टर दिसायला साधा पण नाजूक आहे, यू.एफ.एल. नावाचा जो प्रकार सगळीकडे वापरतात तो बनवणारी कंपनीच साधारण ३० वेळा काढ-घाल एवढीच हमी देते. म्हणून उगाच काढून-लावून बघत बसू नका. काढताना वायरीला धरून ओढायचं नाही, कनेक्टरच्या खालून प्लॅस्टिकच्या पट्टीने सरळ वर उचलायचं. ही वायर सुटली की वायफाय पूर्ण मरत नाही, राउटर शेजारी ठेवला तर चालतं आणि बेडरूममध्ये नेलं की गायब, हीच तिची खूण.

रिबन साफ करून फरक पडला नाही तर मल्टिमीटर काढा. कन्सोल बंद, प्लग बाहेर, मीटर बझर मोडला. रिबनची एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजते का बघा. मग मॉड्यूलवरच्या मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांत बघा, लगेच एकसारखा बझर वाजत राहिला तर तिथे शॉर्ट असण्याची शक्यता मोठी, आणि शॉर्ट असलेल्या मॉड्यूलला हीट मारून काहीही होणार नाही. मशीन कधी जोरात पडलं होतं का तेही विचारा, क्वार्ट्झ क्रिस्टल आपटल्याने आतून तडकतो आणि क्रिस्टल गेला की रेडिओची ठरलेली फ्रिक्वेन्सीच राहत नाही. मोबाइल रिपेअरवाल्यांना बोर्ड अल्ट्रासॉनिक टबमध्ये टाकायची सवय असते, क्रिस्टल असलेलं मॉड्यूल तिथे न टाकलेलंच बरं, ती थरथर क्रिस्टलला सोसेलच असं नाही.

आता हीट. हीट मारून काही मशीनं खरंच चालू होतात, ते खोटं नाही, म्हणून का होतात आणि परत का बंद पडतात ते समजून घेऊ.

युरोपमध्ये १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधून शिसं काढायचा नियम लागू झाला, आणि जगभर विकायचा माल एकाच पद्धतीने बनतो, त्यामुळे त्या काळापासूनच्या कन्सोलमधल्या चिपा बिनशिशाच्या सोल्डरने, म्हणजे वितळवून सांधा करायच्या धातूने, बोर्डला जोडलेल्या आहेत. जुनं ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशाला वितळायचं, नवीन कथील-चांदी-तांब्याचं साधारण २१७ अंशाला सुरू होतं, आणि ते तुलनेने कडक असतं. गेम खेळला की बोर्ड तापतं, बंद केलं की थंड होतं, आणि चिपचं सिलिकॉन आणि खालचं फायबरचं बोर्ड सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, बोर्ड काही पटीने जास्त फुगतं. मधल्या सोल्डरच्या सांध्यांवर दरवेळी ताण येतो, वर्षानुवर्षं असं झालं की एखाद्या सांध्याला केसासारखी चीर जाते. याची खूण म्हणजे तापमानाप्रमाणे वागणं, थंड असताना वायफाय नाही आणि अर्ध्या तासाने आपोआप आलं, किंवा उलट, सुरुवातीला चालतंय आणि तापल्यावर गेलं. असं काही होत नसेल, कायमच बंद असेल, तर सांध्याचा संशय तसा कमी.

हीट गनने वरून तापवलं की चीर गेलेला सांधा थोडा फुगून परत टेकतो, सोल्डर वितळलेलंच असेल असं नाही, आणि वितळलं तरी फ्लक्स, म्हणजे सांधा साफ करणारं रसायन, नसेल तर चिरेतला ऑक्साइडचा थर तसाच राहतो. त्यामुळे जोड होते, पण कच्ची. ओळखीतल्या एका मुलाचा कन्सोल असाच गणपतीत चालू होऊन आला आणि दिवाळीच्या आधी परत बंद पडला, आणि दुसऱ्यांदा हीट मारल्यावर पत्र्याच्या शिल्डखालचे छोटे कपॅसिटर जागेवरून सरकले, मग ते मॉड्यूल कुणालाच वाचवता आलं नाही. तो मला म्हणाला, "दादा, आधी चालत तरी होता मधूनमधून." दुकानदारावर राग काढून उपयोग नाही, पण गिऱ्हाइकाला ही तात्पुरती डागडुजी आहे हे सांगायला हवं, नाहीतर माणूस दर सणाला पैसे देत राहतो.

खरं रिफ्लो, म्हणजे सोल्डर नीट वितळवून सांधे परत बसवणं, करायचं तर मॉड्यूल कन्सोलमधून बाहेर काढून करायचं, आजूबाजूच्या प्लॅस्टिकला उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावायची, चिपच्या कडेने चांगला फ्लक्स सोडायचा, खालून प्रीहीटरने बोर्ड हळूहळू तापवायचं आणि मग वरून हॉट एअर. आणि त्याच्या आधी बोर्ड सुकवायचं. हे आपल्या हवेत फार महत्त्वाचं आहे आणि घाईत नेमकं हेच राहतं. चिपचं काळं प्लॅस्टिक हवेतला ओलावा शोषतं, तो ओलावा एकदम २०० अंशाच्या वर नेला की आत वाफ होते आणि चिप आतून फुटते, बाहेरून कधीकधी नुसता बारीक फुगवटा दिसतो. कारखान्यात यासाठी चिपा १२५ अंशाच्या आसपास काही तास भाजून घेतात. भर पावसाळ्यात उघड्यावर पडलेलं बोर्ड उचलून थेट हीट गन मारणं म्हणजे चांगली चिप घालवायची तयारी. ज्याच्याकडे प्रीहीटर आणि मायक्रोस्कोप आहे अशाच माणसाकडे हे काम द्या, आणि मॉड्यूल मेन बोर्डवरच असेल तर दुप्पट विचार करा, कारण शेजारीच बाकीच्या महत्त्वाच्या चिपा आहेत.

जाड मॉडेलवाल्यांसाठी याहून सोपा मार्ग आहे, मॉड्यूल बदलायचं. ब्लू-रे ड्राइव्हचं बोर्ड पीएस थ्रीच्या मेन बोर्डशी जोडी लावलेलं असतं, दुसऱ्याचं चालत नाही, पण वायफाय-ब्लूटूथच्या बोर्डाला तसलं कुलूप नाही. फक्त त्यावर छापलेला नंबर जुळायला हवा, जाड मॉडेलच्याही आवृत्त्या वेगवेगळ्या आहेत, दिसायला सारखं आणि कनेक्टर वेगळा असं होऊ शकतं. डोनर, म्हणजे ज्यातून मॉड्यूल काढायचं तो मेलेला कन्सोल, कुठून आणायचा? पिवळी लाईट येऊन मेलेले जाड पीएस थ्री बघा. तो आजार सहसा ग्राफिक्स चिपचा किंवा तिच्या आसपासच्या कपॅसिटरचा असतो, वायरलेस मॉड्यूलचा नाही, म्हणजे त्यातलं मॉड्यूल चांगलं असण्याची शक्यता भरपूर. जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत असे कन्सोल "फॉर पार्ट्स" म्हणून येतात. नाहीतर ठाण्याहून फास्ट लोकलने दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, आणि चालत लॅमिंग्टन रोड. जुनं मॉड्यूल सोबत घेऊन जा, नंबर सांगून काम होत नाही, दाखवून होतं. फ्लक्स, कॅप्टॉन टेप, भोकवाले टॉर्क्स बिट हेही तिथेच घेऊन टाका.

बाकीच्या कन्सोलबद्दल थोडक्यात, कारण तेही लोक विचारतात. एक्सबॉक्स ३६० च्या २००५ च्या पहिल्या मॉडेलमध्ये वायफाय आतमध्ये नव्हतंच, वेगळा अडॅप्टर लागायचा, २०१० च्या स्लिममध्ये आलं. त्याचा कंट्रोलर ब्लूटूथवर नाही, त्यांच्या स्वतःच्या रेडिओवर चालतो, आणि जुन्या मॉडेलमध्ये तो रेडिओ समोरच्या बटणाच्या गोल लाईटवाल्या बोर्डावरच आहे, म्हणून कंट्रोलर आणि पॉवर बटण दोन्ही एकदम नखरे करायला लागले तर ते बोर्ड बघा. निंटेंडो डीएस आणि डीएस लाइटमध्ये तर सेटिंग आणि सुरुवातीचं सॉफ्टवेअर ज्या मेमरी चिपमध्ये आहे ती वायफायच्या बोर्डावरच बसवलीय, त्यामुळे ते बोर्ड सैल झालं की मशीन चालूच होत नाही आणि माणूस बॅटरी बदलत बसतो.

काहीच न करणं हाही एक पर्याय आहे. पीएस थ्रीला मागे लॅनचं पोर्ट आहे, राउटर लांब असेल तर एखादा जुना राउटर क्लायंट मोडमध्ये, म्हणजे घरच्या वायफायला जोडून घेईल असा, शेजारी ठेवून त्याची वायर लावा. कंट्रोलर लांब केबलने चालवा. मशीन हँग होत नसेल तर असं वर्षानुवर्षं खेळता येतं, फक्त ब्लूटूथचा रिमोट आणि हेडसेट चालणार नाही. मॉड्यूल मेन बोर्डवर असलेल्या मॉडेलला मी बऱ्याच वेळा हाच सल्ला देतो.

दुरुस्ती झाली तर कन्सोलचं झाकण बसवून, सगळे पत्रे आणि स्क्रू जागेवर लावूनच तपासा, कारण उघड्या बोर्डावर चालणारं वायफाय झाकण लावल्यावर वेगळं वागू शकतं, रिबन दबली किंवा अँटेनाची वायर पत्र्याखाली चिमटली तर हे तेव्हाच कळतं. मॉड्यूल बदललं असेल तर सगळे कंट्रोलर केबलने परत जोडून घ्या, आणि राउटरमध्ये मॅक ऍड्रेसचा फिल्टर लावला असेल तर नवीन पत्ता तिथे टाका. मग एखादा जड गेम लावून दोन-तीन तास खेळा, मशीन चांगलं तापू द्या, बंद करून रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी परत बघा. असं काही दिवस सलग नीट चाललं की मग राहिलेला अपडेट करा, पेन ड्राइव्ह एफएटी ३२ मध्ये, त्यात पीएस३ नावाचं फोल्डर, त्याच्या आत अपडेट नावाचं, दोन्ही नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, आणि फाइल त्या आतल्या फोल्डरमध्ये. कंट्रोलरची केबल लावलेली ठेवा, आणि बिल्डिंगमध्ये लाईट जा-ये करत असेल तर त्या दिवशी राहू द्या.